पंढरीत गेल्यावर काय व्हावे?

वाचकहो, पंढरपुरात उतरलेल्या माणसाला विठोबाच्या आधी एक प्रश्न भेटतो. रिक्षावाले विचारतात, लॉजवर विचारतात, तुळशीचे हार विकणाऱ्या बायाही विचारतात, “पदस्पर्श करायचाय, का मुखदर्शन?” प्रश्न व्यवहाराचा आहे, पण माझ्या मते वार्धक्यातील निम्म्या अडचणींची किल्ली त्यात आहे.

पंढरीत दर्शनाच्या तीन परी आहेत. पदस्पर्श म्हणजे रांगेतून गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकणे. त्याला गर्दीप्रमाणे वेळ लागतो. आषाढीस तर रांग दर्शनमंडपाचे मजले ओलांडून गोपाळपूरच्या रस्त्याला लागते आणि तासांचा हिशेब उरत नाही. मुखदर्शनाची रांग वेगळी. तेथे थोड्या अंतरावरून मूर्ती पाहून पुढे सरकायचे. तिसरे कळसदर्शन. महाद्वारासमोर उभे राहून, किंवा गर्दीने जेथे थोपवले असेल तेथूनच, शिखराकडे पाहून हात जोडायचे. आषाढीला असंख्य वारकरी एवढेच करून परततात आणि त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणी मानत नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवते. आषाढी-कार्तिकीच्या आधी वृद्ध रुग्ण येतात आणि विचारतात, “बाई, पंढरीला जाऊ का?” रक्तदाब पाहून, छातीला नळी लावून ‘जा’ किंवा ‘नको’ म्हणणे सोपे असते. परंतु जाणे कशासाठी आहे हे कळल्याशिवाय या प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही, हे मला या गावाने शिकवले. म्हणून या लेखात आपल्याला पंढरपुरातून थोडे फिरवून आणणार आहे: आधी एका मठात, मग महाद्वारापाशी, तेथून घाटावर आणि शेवटी पुंडलिकाच्या देवळाकडे.

मठातील एक दुपार

७८ वर्षांचे एक शेतकरी आजोबा माझ्याकडे येत. हृदयाची शक्ती कमी झालेली, एक जिना चढताना दम लागे आणि दोन्ही गुडघे झिजलेले. त्यांनी घरात एकच धोशा लावला होता: “पंढरीला जायचंय.” थोरला मुलगा म्हणे, आधी गुडघ्याचे ऑपरेशन करू, आबा चालते झाले की आषाढीला नेऊ. मुलगी म्हणे, हृदय असे असताना ऑपरेशन कशाला? गाडी करू, व्हीलचेअर लावू आणि ओळखीने आत सोडवू. दोघे आजोबांना घेऊन माझ्यासमोर बसले आणि त्यांच्या डोक्यावरून वाद घालू लागले. ऑपरेशन की व्हीलचेअर, एवढाच निकाल त्यांना माझ्याकडून हवा होता.

तपासणी झाल्यावर मी आजोबांना विचारले, “आबा, पंढरीत गेल्यावर काय झालं म्हणजे तुमचं जाणं झालं असं तुम्हाला वाटेल?”

मुलगी पटकन म्हणाली, “दर्शन. आणखी काय?”

आजोबांनी मान हलवली. म्हणाले, “दर्शन मला हितं घरात बी होतंय. माझा टाळकरी सोबती हाय तिथं मठात. बत्तीस वर्सं आमी एका वळीत चाललो. त्याला बघायचंय, लई थकलाय म्हणत्यात.”

मुलांना हे ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. आता सारा प्रश्नच बदलला. आषाढीची गर्दी कशाला हवी? एकादशी, शनिवार, रविवार टाळून थंडीतला एक साधा वार निवडला. सकाळी उशिरा गाडीने निघाले, वाटेत दोनदा थांबले. मठाला एकच पायरी होती. दोघे म्हातारे दुपारभर एका घोंगडीवर बसून होते. बोलणे थोडे, बसणे फार, असे मुलाने मला नंतर सांगितले. संध्याकाळी आजोबा महाद्वारासमोर गाडीतून उतरले, कळसाला हात जोडले आणि रात्री आपल्या घरी येऊन झोपले. गुडघ्याच्या ऑपरेशनचा विचार हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून पुढे सावकाश झाला. तो प्रश्नच वेगळा होता. पुढच्या आषाढीच्या आत ते सोबती वारले. ऑपरेशन, मग व्यायाम, मग आषाढी, असा क्रम धरला असता तर ती दुपार या दोघांच्या वाट्याला आली नसती.

मुलगा आणि मुलगी दोघेही प्रेमाने बोलत होते आणि दोघांचेही उपाय आपापल्या जागी योग्य होते. मात्र ते ज्या अडचणीवरचे उपाय होते, ती अडचण आजोबांची नव्हती. रांगेतून गाभाऱ्यापर्यंत कसे पोहोचायचे याचे उत्तर दोघे शोधत होते. आजोबांना गाभाऱ्यापर्यंत जायचेच नव्हते. घरोघरी असेच होते. ‘कसे’ यावर आपण तासन्‌तास वाद घालतो आणि ‘कशासाठी’ हे मात्र सर्वांना ठाऊकच आहे असे धरून चालतो.

वारकरी संप्रदायालाही हा विचार एकदा फार कठीण प्रसंगी करावा लागला. २०२० साली करोनामुळे पायी वारी थांबली. आळंदीहून पंढरी सुमारे २५० किलोमीटर. ती वाट चालणे म्हणजेच वारी, असे मानणाऱ्यांना हा केवढा घाव होता! परंतु त्या वर्षी मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस.टी.ने पंढरपुरास आल्या. चालणे प्राणप्रिय खरे, पण भेट चुकता कामा नये, हे त्या वेळी ठरवले गेले. ज्याला आपले मुख्य काय हे ठाऊक असते, त्याला बाकीचे सोडताना दुःख होते. पण त्याची वाट हरवत नाही.

महाद्वारापाशी

मठातून निघून आता महाद्वाराकडे येऊ. देवळाच्या या पूर्वद्वाराची पहिली पायरी म्हणजे नामदेव पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, अशी परंपरा आहे. समोरच चोखोबांची समाधी आहे. महार जातीत जन्मलेल्या या संताला देवळात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, १९४७ साली, हे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले.

येथे घरातल्या तरुण मंडळींनी क्षणभर थांबावे. नामदेव दाराबाहेर आहेत आणि चोखोबाही दाराबाहेर आहेत. अंतर काही पावलांचेच. एकाने ती जागा स्वतः निवडली, दुसऱ्यावर ती लादली गेली. कळसदर्शन हे ज्याने स्वतः निवडले त्याला पुरेपूर दर्शन असते. पण ‘तुम्हाला आता कळसच पुरे’ असे दुसऱ्याने ठरवले की ते बाहेर ठेवणे होते. आजारी वडिलांचे, विसरभोळ्या झालेल्या आईचे उद्दिष्ट आपण परस्पर ठरवतो तेव्हा आपला हेतू काळजीचा असतो. परिणाम मात्र अपमानाचा होऊ शकतो.

एका निवृत्त शिक्षिकेची गोष्ट सांगते. वय ८१. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने त्यांची मधली दृष्टी गेलेली होती. समोरच्या माणसाचा चेहराही त्यांना ओळखू येत नसे. मुलांनी समजुतीने सुचवले होते, “आई, मुखदर्शन करू, रांग लहान असते.” त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “मला मुख दिसतच नाही, तर मुखदर्शन कशाचं? मला पायांना हात लावायचाय.” केवढे स्वच्छ बोलणे! त्यांच्यासाठी पदस्पर्श हाच एक दर्शनाचा मार्ग उरला होता. तेव्हा सारे नियोजन त्या एका गोष्टीभोवती केले. गर्दीचे दिवस टाळले. ज्येष्ठांसाठी व दिव्यांगांसाठी त्या वेळी कोणती सोय आहे, याची मंदिर समितीच्या कार्यालयात आधी चौकशी केली. कमोड असलेली तळमजल्यावरची खोली घेतली. भाची कोपराला धरून चालली, पिशवीत पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याचे लाडू होते. देवाच्या पायांवर हात ठेवून त्या बाहेर आल्या. बाकी काही पाहिले नाही, याची त्यांना खंत नव्हती.

उद्दिष्ट स्पष्ट करणे म्हणजे अपेक्षा कमी करणे, असा समज करून घेऊ नये. आजोबांच्या बाबतीत त्यामुळे वाट सोपी झाली. बाईंच्या बाबतीत ती थोडी अवघड झाली, पण योग्य ठिकाणी पोहोचली.

घाटावर

महाद्वारातून सरळ उतरले की घाट लागतो. भीमा येथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की वृद्धांच्या प्रवासातील नेहमीच्या अडचणी एकेक करून दिसू लागतात.

पहिली स्नानाची. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला तर खुब्याचे हाड मोडते आणि पुढचे कित्येक महिने अंथरुणात जातात. उजनी धरणातून पाणी सोडले की नदीचा ओघही बदलतो. तेव्हा स्वतःला विचारावे, मला पोहायचे आहे, की चंद्रभागेचे पाणी अंगाला लागायला हवे आहे? दुसरे असेल तर कोरड्या पायरीवर बसावे आणि नातवाने तांब्याने पायांवर, डोक्यावर पाणी घालावे. हे पाणी पिऊ मात्र नये.

दुसरी अडचण लघवीच्या गोळीची. हृदयविकारात किंवा पायांवर सूज असताना दिलेली ही गोळी पुष्कळ जण प्रवासाच्या दिवशी गुपचूप टाळतात. कारण विचारले तर सांगत नाहीत. गाडी पुन्हा पुन्हा थांबवायला लावणे त्यांना लाजिरवाणे वाटते. परिणामी रात्री लॉजवर दम लागतो. त्यांचे खरे उद्दिष्ट गोळी टाळण्याचे नसते, मान राखण्याचे असते. ते ओळखले की उपाय सापडतात: त्या दिवसापुरती गोळीची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना आधी विचारणे, थांबण्याची ठिकाणे निघण्यापूर्वीच ठरवणे, आणि ‘आम्हालाही उतरायचंय’ असे मुलांनी स्वतःहून म्हणणे. लघवी लागू नये म्हणून पाणी पिणे बंद करणे, हा उपाय नव्हे. त्याने चक्कर येते आणि माणूस पडतो. ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण प्रवासातही पाळावे.

तिसरी एकादशीच्या उपवासाची. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. उलट दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर ती चढते. ‘उपास मोडू का’ असे विचारणाऱ्याला मी म्हणते, नियम पाळायचा आहे ना? मग वेळच्या वेळी थोडे थोडे खाऊनही तो पाळता येतो: थोडी वरई, दूध, एखादे फळ. औषधाचे प्रमाण मात्र आठवडाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

चौथी अनवाणी चालण्याची. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. चपला काढणे हा देवाचा मान आहे. पाय भाजून घेणे हा त्याचा भाग नाही. जाड सुती मोजे घालावेत, ऊन टाळावे आणि रात्री कोणीतरी दोन्ही तळवे उजेडात नीट पाहावेत.

घरातल्या रांगा

पंढरीहून परतल्यावर आपण पुन्हा घरातल्या रांगांत उभे राहतो. तेथेही तीन प्रश्न उपयोगी पडतात. काय झाले म्हणजे पुरे वाटेल? हे कोणाला हवे आहे? आणि तेथे जायला दुसरी वाट आहे का?

एक उदाहरण झोपेचे घ्या. “रात्री झोप लागत नाही, गोळी द्या,” असे सांगत येणाऱ्या एका काकांना मी झोपेच्या वेळा विचारल्या. ते रात्री नऊला झोपत आणि तीनला जागे होत. शिवाय दुपारी दीड तास झोप. म्हणजे झोप पुरेशी होती. पहाटे तीनला अंधारात एकटे पडून राहणे त्यांना नको होते. झोपेच्या गोळीने वृद्धांचा तोल जातो, रात्री उठताना पडण्याची भीती वाढते. आम्ही दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, रात्री झोपायची वेळ साडेदहा केली आणि उशाशी लहान रेडिओ ठेवला. गोळीची गरज पडली नाही.

दुसरे उदाहरण काठीचे. एका आजोबांनी दवाखान्यातून आणलेली ॲल्युमिनियमची काठी माळ्यावर टाकून दिली होती. मुलीला वडील पडू नयेत असे वाटत होते. वडिलांना गल्लीत ‘आजारी’ दिसायचे नव्हते. दोघांचीही उद्दिष्टे रास्त होती आणि एकमेकांच्या आड येत नव्हती. वारीत हातात काठी असणे कोणाला लाजेचे वाटत नाही, हे लक्षात घेऊन मुलीने त्यांना वेताची चांगली जाड काठी आणून दिली. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटापर्यंत येईल एवढी उंची ठेवली आणि खाली रबरी टोपण बसवले. ती ‘वारीची काठी’ आजही त्यांच्या हातात आहे.

तिसरे जेवणाचे. सासूबाईंनी दोन भाकरी खाल्ल्याच पाहिजेत म्हणून एक सून रोज झगडत असे. दोघींचेही जेवण कडू होई. सुनेला खरे काय हवे होते? सासूबाईंची ताकद टिकावी. मग मोजायचे ते वजन. दर पंधरा दिवसांनी वजन करायचे. दोन भाकरींऐवजी दिवसातून पाच वेळा थोडे थोडे मऊ अन्न द्यायचे आणि संध्याकाळचे जेवण बरोबर बसून करायचे, असे ठरले. वजन स्थिर राहिले आणि भांडण संपले. वजन उतरत राहिले असते तर तपासण्या कराव्या लागल्या असत्या, हेही मी सांगून ठेवले होते.

एक सूचना मात्र निक्षून करते. छातीत दुखणे, अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, श्वास कोंडणे, अशा वेळी कोणतेही प्रश्न विचारत बसू नये. तेव्हा उद्दिष्ट एकच: विनाविलंब रुग्णालय.

विटेचा उपयोग

घाटावरून समोर नदीच्या पात्रात पुंडलिकाचे देऊळ दिसते. पाणी चढले की ते चहूबाजूंनी वेढले जाते. कथा आपल्याला ठाऊक आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत असताना देव दारी आला. पुंडलिकाने हातातली सेवा सोडली नाही, देवालाही परत पाठवले नाही. जवळची एक वीट पुढे सरकवली आणि थोडे थांबायला सांगितले.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना ही कथा मी धर्मकथा म्हणून सांगत नाही. व्यवहाराची युक्ती म्हणून सांगते. वृद्धाची सेवा, घराची टापटीप, पाहुण्यांचा चहा, नातेवाइकांच्या फोनला उत्तरे, सारे एकाच दिवशी एकाच माणसाने करायचे, असा हट्ट धरल्याने माणूस मोडतो. अशी मोडलेली माणसे मी दर आठवड्याला पाहते. आणलेले असते सासऱ्यांना, पण रक्तदाब सुनेचा वाढलेला असतो. आजच्या दिवसाचे मुख्य काम कोणते ते सकाळीच ठरवावे आणि बाकीच्यांना वीट द्यावी. पाहुण्यांना सांगावे, ‘रविवारी या.’ फोनला सांगावे, ‘संध्याकाळी करते.’ साक्षात देव थांबतो, तर घरातला पसाराही थांबेल. आपली स्वतःची झोप आणि आपल्या गोळ्या मात्र विटेवर ठेवू नयेत.

आणि ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती आहे. मुले विचारतील तेव्हा ‘तुमची इच्छा’ किंवा ‘मला काय, मी काय आता’ असे म्हणू नका. तुम्हाला काय हवे आहे हे तुम्हीच सांगू शकता. पदस्पर्श हवा असेल तर तसे सांगा, कळस पुरे असेल तर तसे सांगा, आणि मठातल्या सोबत्याला भेटायचे असेल तर तेही आजच सांगून टाका. वाट काढायला आम्ही आहोत. कोठे जायचे, ते मात्र तुम्ही बोलायला हवे.